बर्फाचा डोंगर कसा निवडावा?

मार्गशीर्ष लागला, धानाची मळणी आटोपली आणि पहांटे अंगणांत शेकोटी पेटूं लागली, म्हणजे आमच्या नागऱ्याच्या ओसरीवरचीं बोलणीं आपोआप लांबतात. गोंदियाकडील थंडी विदर्भांत कडक म्हणून प्रसिद्ध आहे आणि आम्हांस तिची थोडी मिजासही आहे. परंतु या पंचक्रोशींत बर्फ म्हणून जें कांहीं पाहावयास मिळतें, तें उसाच्या रसांत घालावयाचें. अशा गांवांतल्या, साठी उलटलेल्या, जुन्या मॅट्रिकच्या शाळामास्तरानें वाचकांपुढें विषय मांडावा तो हिवाळ्याच्या सुट्टींत बर्फावर घसरावयास आल्प्स पर्वतांत कोणत्या ठिकाणीं जावें याचा, हें पाहून कित्येकांस हसूं येईल. येऊं द्यावें. मलाही प्रथम आलें होतें.

गोष्ट अशी झाली. माझ्या धाकट्या बंधूंचा मुलगा गेलीं सहा वर्षें जर्मनींत म्यूनिक शहरीं नोकरीस आहे. यंदाच्या कोजागिरीस त्यानें दूरध्वनीच्या पडद्यावरून सर्व घरास एकदम आमंत्रण दिलें कीं, जानेवारींत या, आठ दिवस बर्फांत काढूं, राहण्याचा भार माझा. झालें! घरांत एकच गडबड उडाली. माझी नात नववींत आहे. तिनें दुसऱ्याच दिवशीं आल्प्समधील मोठमोठ्या स्की-क्षेत्रांचा एक तक्ता तयार केला आणि त्यांतील सर्वांत मोठें व सर्वांत उंच तेंच आपलें, असा निकालही देऊन टाकला. माझे बंधु मात्र सुपारी कातरतां कातरतां एवढेंच म्हणाले, “तुम्ही सगळे जा. मला डॉक्टरांनीं उंचीवर जायला मनाई केली आहे.” दोन वर्षांपूर्वीं त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनींत जाळी बसविली आहे, हें खरें, परंतु बापलेकांमध्यें गेलीं चार वर्षें हवापाण्यापलीकडे बोलणें नाहीं, हेंही तितकेंच खरें. शेत कोणी पाहावयाचें, या प्रश्नापाशीं तें अडलें आहे. विस्तार करण्याचें कारण नाहीं. एकत्र कुटुंबांतील वाचकांस तो करून सांगावा लागत नाहीं.

रात्रीं पुतण्याचा मला एकट्याला पुन्हां फोन आला. “मोठे बाबा, ठिकाण तुम्हीच ठरवा. तुम्ही ठरवलंत तर बाबा येतील.” असें हें काम माझ्याकडे आलें. दोन महिने मीं त्यावर जें वाचलें, विचारलें आणि ताडून पाहिलें, तें आज वाचकांपुढें ठेवतों. आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें परदेशीं आहेत; आज ना उद्यां असें आमंत्रण त्यांच्याही घरीं येईल.

शाळामास्तरास विषय दिला कीं तो आधीं शब्दाची व्युत्पत्ति पाहतो. ‘स्की’ हा शब्द नॉर्वेच्या जुन्या भाषेंतला. त्याचा मूळ अर्थ फोडलेलें लाकूड, लाकडाची फळी. ज्या मुळापासून तो निघाला, तेंच मूळ आपल्या संस्कृतांत ‘छिद्’ या धातूच्या रूपानें नांदतें, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे आपला ‘छेद’ हा त्या ‘स्की’चा दूरचा भाऊबंद. ‘हिम’ शब्दाचेंही तसेंच. लॅटिन भाषेंतील हिवाळ्याचें नांव ‘हिएम्स’ हें त्याच कुळांतलें. परंतु मला सर्वांत उपयोगी पडला तो ‘आल्प’ हा शब्द. तिकडील शेतकरी ‘आल्प’ म्हणतो तें शिखरास नव्हे, तर उन्हाळ्यांत जेथें गुरें चारावयास नेतात त्या डोंगरावरच्या कुरणास. काश्मिरांत अशाच कुरणास ‘मर्ग’ म्हणतात. गुलमर्ग म्हणजे फुलांचें कुरण. गढवालांत त्याचें नांव ‘बुग्याल’. उन्हाळ्यांत जेथें गाय चरते, तेथेंच हिवाळ्यांत मनुष्य घसरतो. कारण कुरणाचा उतार बेताचा, मोकळा आणि खडकांपासून बराचसा मुक्त असतो. हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे या परक्या विषयाची भीति निम्मी कमी होते.

हिवाळ्यांत मौजेसाठीं त्या डोंगरांत जाण्याची चाल तिकडेही फार जुनी नाहीं. १८६४ सालीं स्वित्झर्लंडांतील सेंट मॉरित्सच्या योहानेस बाद्रुत नांवाच्या हॉटेलमालकानें आपल्या इंग्रज पाहुण्यांशीं पैज मारली कीं, हिवाळ्यांत येऊन पाहा, पसंत न पडल्यास खर्च माझा. तेथून ही प्रथा पडली, अशी कथा सांगतात. १९२१ सालीं ऑस्ट्रियांतील सेंट आंतोन येथें हान्नेस श्नायडर यानें स्की शिकविण्याची शाळा काढली आणि शिक्षणास पद्धत आणली. पहिलें हिवाळी ऑलिंपिक १९२४ सालीं फ्रान्समधील शामोनी येथें झालें. उतारावरच्या शर्यती त्यांत आल्या त्या १९३६ सालीं, जर्मनींतील गार्मिश-पार्टेनकिर्खेन येथें. आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. १९११ सालीं मोंताना येथें उतारावरची जी प्रसिद्ध शर्यत झाली, तिचा करंडक लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या नांवाचा होता. हे गृहस्थ कानपुरास जन्मलेले, हिंदुस्थानच्या फौजेचे सरसेनापति, आणि अफगाण युद्धामुळें ‘कंदाहारचे’ म्हणून ओळखले जाणारे. त्यामुळें आज आल्प्समध्यें कित्येक शर्यतींस ‘कंदाहार’ असेंच नांव आहे. जगांत कोणतें नांव कोठें जाऊन रुजेल, याचा नेम नाहीं.

आतां निवडीकडे वळूं. नातीच्या तक्त्यांत पहिला रकाना होता ‘एकूण किलोमीटर’. फ्रान्समधील ‘त्रुआ व्हाले’, म्हणजे तीन खोऱ्यांचें क्षेत्र, सुमारें ६०० किलोमीटर उतरणींचें. फ्रान्स व स्वित्झर्लंड यांच्या सरहद्दीवरील ‘पोर्त द्यु सोलेय’ साधारण तेवढेंच. इटलींतील ‘डोलोमिती सुपरस्की’ तर १,२०० किलोमीटर! हे आकडे पाहून कोणाचेही डोळे फिरतील. परंतु येथें दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली ही कीं, हे किलोमीटर एकमेकांस जोडलेले आहेत काय? तीन खोऱ्यांत मनुष्य पाळण्यांत बसून वर जातो, घसरत पलीकडे उतरतो आणि पायांतली फळी न काढतां एका खोऱ्यांतून दुसऱ्यांत जाऊं शकतो. डोलोमितीचे १,२०० किलोमीटर मात्र बारा निरनिराळ्या क्षेत्रांची बेरीज आहेत; तिकीट एक, पण त्यांतल्या कित्येकांमध्यें जाण्यास मोटारच हवी. दुसरी गोष्ट, हे आकडे मोजले कोणीं? २०१३ सालीं एका जर्मन तज्ज्ञानें स्वतंत्रपणें मोजणी केली, तेव्हां कित्येक नामांकित क्षेत्रांचे जाहिरातींतले आकडे बरेच फुगविलेले आढळले. लग्नाच्या पत्रिकेंतील ‘सुप्रसिद्ध’ या शब्दास आपण जेवढी किंमत देतों, तेवढीच या आकड्यांसही द्यावी.

आणि ज्याच्या पायास फळी कधींच लागली नाहीं, त्याला या किलोमीटरांचा उपयोग तरी काय? नवशिका पहिले तीनचार दिवस गांवाशेजारच्या एकाच कुरणावर पडत-उठत असतो. त्यानें सहाशे किलोमीटरांचें तिकीट काढणें म्हणजे पोहावयास शिकण्यासाठीं सबंध नवेगांवबांधाचा तलाव विकत घेणें होय! नवशिक्यांच्या उतरणीपुरतें स्वस्त तिकीट पुष्कळ ठिकाणीं मिळतें; तें प्रथम विचारावें. उतरणी रंगांनीं ओळखतात. फ्रान्सांत हिरवी सर्वांत सोपी, मग निळी, तांबडी आणि शेवटीं काळी. ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड येथें बहुधा निळीपासूनच आरंभ होतो. एकूण लांबीपेक्षां, तींत सोप्या उतरणींचा वांटा किती आणि त्या गांवाजवळ आहेत कीं शिखरावर, हें पाहणें शहाणपणाचें.

मोठ्या क्षेत्राचा कांहींच लाभ नाहीं, असें मात्र नव्हे. एका बाजूस धुकें किंवा वारा असला तर दुसरी बाजू मोकळी सांपडते. जाणता पुतण्या दिवसभर दूर भटकून येऊं शकतो आणि नवशिके आपल्या जागीं राहतात. परंतु तिसरा लाभ मला सर्वांत मोठा वाटला. मोठ्या क्षेत्राच्या पायथ्याशीं पुष्कळ गांवें असतात, आणि राहण्याचें गांव आपल्या प्रकृतीप्रमाणें निवडतां येतें. क्षेत्र तरुणांसाठीं निवडावें, गांव वडिलांसाठीं. दोन्ही एकाच तिकिटांत साधतात.

दुसरा रकाना उंचीचा. खरी ओढाताण येथें आहे. शंभर मीटर वर चढलें कीं हवा सरासरीनें ०.६ अंशानें थंड होते. म्हणून जितकें उंच जावें तितकी बर्फाची खात्री अधिक. तीन खोऱ्यांतील ‘व्हाल तोरांस’ हें गांव २,३०० मीटरांवर वसलेलें आहे. तेथें नोव्हेंबरच्या अखेरीपासून मे महिना लागेपर्यंत बर्फ असतें. नातीची पसंती यावरच होती. परंतु त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकांठच्या सुमारें तीनचतुर्थांश राहतो, आणि श्वासागणिक मिळणारा प्राणवायुही त्याच मानानें कमी होतो. आमचें नागरा समुद्रसपाटीपासून सुमारें ३०० मीटर. येथून उठून एकदम २,३०० मीटरांवर रात्रीं निजावयास जाणें हें धडधाकट मनुष्यासही दोन दिवस जाणवतें. ज्याच्या हृदयावर उपचार झालेले आहेत, त्याची गोष्टच निराळी.

तक्त्यांत एक चूक मला सांपडली ती ही. त्यांत उंचीचा रकाना एकच होता. वास्तविक तेथें दोन हवेत : निजण्याची उंची एक, आणि दिवसां चढण्याची दुसरी. ज्या गांवीं आपण झोंपतों त्याची उंची रात्रभर सोसावी लागते. दिवसां वर गेलों तर नको वाटतांच खालीं येतां येतें. दोन रकाने केल्याबरोबर तक्त्याचें रूप पालटलें. ऑस्ट्रियाच्या तिरोल प्रांतांत ‘स्कीवेल्ट’ म्हणून एक क्षेत्र आहे. एकमेकांस जोडलेल्या उतरणी सुमारें पावणेतीनशे किलोमीटर, शिखरें दोन हजार मीटरांच्या आंतलीं, आणि पायथ्याचें एल्माऊ गांव अवघें ८२० मीटरांवर. म्यूनिकपासून मोटारीनें साधारण दोन तासांची वाट. मीं तो कागद नागपुरास आमच्या डॉक्टरांपुढें ठेवला. त्यांनीं बंधूंना तपासून सांगितलें कीं, येथें राहण्यास हरकत नाहीं. चढावर घाईनें चालूं नका, गार वाऱ्यांत तोंड झांका, औषधें जवळ ठेवा. हा सल्ला त्यांच्यापुरता आहे. वाचकांनीं आपापल्या डॉक्टरांस विचारल्यावांचून एक पाऊलही पुढें टाकूं नये.

अर्थात् कमी उंचीची किंमत द्यावीच लागते, आणि ती बर्फाच्या अनिश्चिततेनें द्यावी लागते. पृथ्वीची हवा तापत चालली आहे, त्याचा पहिला फटका अशा सखल गांवांसच बसतो. कांहीं वर्षीं गांवांत हिरवें गवत आणि मध्येंच उतरणीचा पांढरा पट्टा, असें दृश्य दिसतें. हा पांढरा पट्टा यंत्रानें पाडलेल्या बर्फाचा. त्यासाठीं डोंगरावर तलाव बांधून पाणी सांठवितात आणि हवा गोठणबिंदूच्या पुरेशी खालीं गेली कीं तें बारीक तुषारांनीं उडवितात. हें वाचून मला आमचे मामा तलाव आठवले. कोहळी लोकांनीं बांधलेल्या, माजी मालगुजारांच्या त्या तलावांवर आमचें धान पिकतें; तिकडे तशाच तलावांवर बर्फ पिकवितात! पाणी अडविलें तरच हंगाम हातीं लागतो, हा न्याय दोहींकडे सारखाच.

तिसरी गोष्ट काळाची व दिशेची. नाताळांत गर्दी आणि भाडीं दोन्ही शिगेस असतात, आणि सखल गांवीं त्या वेळीं बर्फाचा थर कच्चाही असूं शकतो. ६ जानेवारीचा ख्रिस्ती सण उलटला कीं महिनाअखेरपर्यंत गर्दी ओसरते. फेब्रुवारींत तिकडील शाळांच्या सुट्ट्या लागल्या म्हणजे ती पुन्हां वाढते. म्हणून जानेवारीचा मध्य आमच्यासारख्यांस सोईचा. उत्तराभिमुख उतरणींवर ऊन कमी, म्हणून तेथें बर्फ टिकतें; दक्षिणाभिमुख उतरणी उबदार व सुंदर, परंतु दुपारीं चिखलासारख्या मऊ होतात. नकाशा पाहतांना कोणतें गांव कोणत्या कुशीवर आहे, हें पाहावें.

चौथी गोष्ट शिक्षणाची. या बाबतींत मी पक्का शाळामास्तर आहें. मित्रानें किंवा नवऱ्यानें शिकवूं नये. शाळेंत नांव घालावें. पहिला धडा थांबण्याचा असतो. दोन्ही फळ्यांचीं टोंकें पुढें जवळ आणून टांचा बाहेर फांकल्या कीं वेग कमी होतो. या आकृतीस जर्मन लोक ‘फ्लुग’ म्हणतात, म्हणजे चक्क नांगर. आमच्या शेतकरी घरास हें समजावयास क्षणही लागला नाहीं. नांगर जमिनींत रोंवला कीं बैल थांबतात. हा नांगर बर्फांत रोंवला कीं आपण थांबतों.

पांचवी गोष्ट, जे घसरणार नाहींत त्यांची. ठिकाण निवडतांना बहुतेक घरीं हीच राहून जाते. घरांतले चार जण सकाळीं फळ्या खांद्यावर टाकून गेले कीं मागें उरलेल्या वडीलधाऱ्यांनीं दिवसभर खिडकीशीं बसून काय करावें? जें गांव केवळ घसरणाऱ्यांसाठीं उंच कुरणावर नव्यानें वसविलें आहे, तेथें त्यांस फारसें कांहीं नसतें. जुन्या शेतकरी गांवांत मात्र बर्फ झाडून काढलेल्या सपाट पायवाटा असतात, देवळासारखें एखादें चर्च असतें, घोड्याची बर्फगाडी असते, आणि पायीं जाणारांसही पाळण्यांत बसवून वर नेतात व खालीं आणतात. राहण्यास हॉटेलपेक्षां स्वयंपाकघर असलेलें बिऱ्हाड घ्यावें. बाहेर शाकाहारी मनुष्यास मिळत नाहीं असें नाहीं, परंतु आठ दिवस बटाटा आणि चीज यांवर काढणें सर्वांस जमणारें नव्हे. भाजणी, मेतकूट आणि तांदूळ बरोबर असले म्हणजे संध्याकाळीं पिठलें-भातावर घर पुन्हां घर होतें.

सहावी गोष्ट सुरक्षिततेची. आंखून दिलेल्या उतरणीबाहेर नवशिक्यानें कदापि जाऊं नये. हिमप्रपाताचा धोका तिकडे १ ते ५ अशा अंकांनीं रोज जाहीर करतात. तो पाहण्याची संवय ठेवावी. डोक्यास शिरस्त्राण हवेंच. प्रवेशपरवान्यासाठीं तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो, परंतु त्यांत हिवाळी खेळांतला अपघात धरला आहे कीं नाहीं, हें बारीक अक्षरांत वाचून घ्यावें. इटलींत तर २०२२ पासून दुसऱ्यास झालेल्या इजेची भरपाई देणारा विमा असल्यावांचून उतरणीवर जातांच येत नाहीं.

आतां कोणी म्हणेल, परदेशाचा हा खटाटोप कशाला? कालिदासानें ज्याच्या वर्णनानें कुमारसंभवाचा आरंभ केला तो हिमालय आपल्या घरचाच नाहीं काय? प्रश्न रास्त आहे, आणि बहुतेक वाचकांस तोच मार्ग परवडणारा आहे. आपल्याकडे या खेळाचें मुख्य पीठ गुलमर्ग. १९२७ सालीं इंग्रजांनीं तेथें स्की क्लब ऑफ इंडिया स्थापन केला. १९४८ पासून सैन्याचें शिक्षणही तेथें सुरू झालें. तेथील गंडोला, म्हणजे पाळण्यांचा रज्जुमार्ग, पहिल्या टप्प्यांत सुमारें ३,०५० मीटरांवरील कोंगदूरीस नेतो, आणि २००५ पासून दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, ३,९०० मीटरांच्याही वर नेतो. त्याच भागांतला आरिफ खान हा तरुण २०२२ सालीं बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्यें आपल्या देशातर्फें उतरला होता. २०२५ च्या जूनपासून कटऱ्याहून श्रीनगरापर्यंत आगगाडी जाते. श्रीनगरापासून गुलमर्ग सुमारें ५० किलोमीटर.

परंतु दोन गोष्टी मोकळेपणानें सांगितल्या पाहिजेत. गुलमर्ग गांवच २,६५० मीटरांवर आहे. म्हणजे आल्प्समधील व्हाल तोरांसहूनही निजण्याची उंची अधिक. वरच्या टप्प्यावरचे उतार नवशिक्यांचे नव्हेत, आणि हिमप्रपात तेथें खरोखरच होतात; २०२३ च्या फेब्रुवारींत दोन पोलिश आणि २०२४ च्या फेब्रुवारींत एक रशियन मनुष्य त्यांत दगावला. बर्फाची खात्री तेथेंही उरलेली नाहीं; २०२४ चा जानेवारी जवळजवळ कोरडा गेला, आणि २०२५ च्या राष्ट्रीय हिवाळी स्पर्धा बर्फाअभावीं फेब्रुवारींतून मार्चांत ढकलाव्या लागल्या. शिवाय २२ एप्रिल २०२५ रोजीं पहलगामजवळ झालेल्या हत्याकांडांत महाराष्ट्रांतले सहा जण बळी पडले, तें दुःख मराठी घरांत अद्याप ताजें आहे. जावें कीं न जावें, हें प्रत्येकानें त्या वेळची स्थिति पाहून ठरवावें. मी कोणास भय घालीत नाहीं आणि कोणास भरीसही घालीत नाहीं. गढवालांतील औली हें दुसरें ठिकाण. त्याचे उतार शिकावयास चांगले. २०११ सालीं दक्षिण आशियाई हिवाळी खेळ तेथें झाले. मात्र २०२३ च्या जानेवारींत जोशीमठची जमीन खचली, तेव्हां तेथून वर नेणारा चार किलोमीटरांचा रज्जुमार्ग बंद करावा लागला. जाण्यापूर्वीं त्याची चौकशी करावी. ज्यांस केवळ बर्फ पाहावयाचें आणि मुलांस दोन दिवस घसरूं द्यावयाचें, त्यांस मनालीजवळची सोलंग दरी पुरेशी आहे; २०२० सालीं अटल बोगदा झाल्यापासून पलीकडचें लाहौलही तेथून जवळ आलें आहे.

आमची निवड मात्र एल्माऊवर ठरली. कार्तिकांत परवान्याचे अर्ज गेले. संक्रांत आटोपून मंडळी निघतील. नातीची शाळा आठ दिवस बुडेल. जन्मभर हजेरीपटावर लाल शाई चालविलेल्या मीं तेंही मान्य केलें. ती थोडी हिरमुसली होती, परंतु दोन रकान्यांचा तक्ता तिनेंच पुन्हां स्वच्छ लिहून काढला, आणि ‘निजण्याची उंची’ या शब्दांखालीं तांबडी रेघ मारली.

तो तक्ता मीं बंधूंच्या पुढें ठेवला, तेव्हां ते बराच वेळ पाहत राहिले. डॉक्टरांचा अडसर तर आतां उरला नव्हता. शेवटीं म्हणाले, “दादा, तिथं धान होतं का?”

मी म्हटलें, “नाहीं. गवत होतं. गुरांचा मुलूख आहे.”

“मग एवढ्या बर्फांत गुरं ठेवतात कुठं?”

“तें मला काय ठाऊक? तुझ्या मुलाला विचार.”

त्या रात्रीं त्यांनीं स्वतः होऊन मुलाला फोन लावला. हिवाळ्यांत गुरें खालीं गोठ्यांत कशीं आणतात, गवत वाळवून माळ्यावर कसें भरतात, एका गाईला दिवसाला चारा किती लागतो, याच्यावर बापलेक अर्धा तास बोलत होते. पुतण्यास यांतलें फारसें येत नव्हतें, तो म्हणाला, “शेजारच्या शेतकऱ्याला विचारून उद्यां सांगतों.” दुसऱ्या दिवशीं त्यानें खरोखरच विचारून सांगितलें. शेताचा प्रश्न अजून तेथेंच आहे. पण आतां त्यांना एकमेकांस विचारावयास कांहीं तरी आहे.

एक प्रश्न उरला होता. आमच्या मातोश्री शहाऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांच्यापाशीं कोणी राहावयाचें? इतकीं वर्षें घर यात्रेस निघालें, लग्नास निघालें, कीं ‘मी आहें ना आईंपाशीं’ असें आमची सौभाग्यवती म्हणत आली, आणि आम्हीं सर्वांनीं तें सोईस्करपणें ऐकत आलों. यंदाही तिनें तेंच म्हटलें. तेव्हां आई पलंगावरून म्हणाली, “मला काय बर्फ पाहायचंय? पण थोरलीला पाठवा. चाळीस वर्षं तिनं माझंच तोंड पाहिलंय.” यावर कोणास कांहीं बोलावयाचें उरलें नाहीं. सौभाग्यवतीसाठीं लोकरीचे मोजे आले आहेत. मी येथें आईपाशीं राहणार. दोन महिने नकाशांवर इतका हिंडलों आहें कीं एल्माऊच्या चर्चापासून पाळण्याच्या ठाण्यापर्यंतची वाट मला तोंडपाठ आहे.

या खेळाचे सर्व जगांत मानलेले दहा नियम आहेत. ते वाचतांना एका नियमापाशीं मी थांबलों. उतारावर जो मागून, वरून येतो, त्यानें आपली वाट अशी निवडावी कीं पुढें, खालीं असलेल्यास धक्का पोंहोंचूं नये. खालच्याची पाठ वळलेली असते; त्याला वरचा दिसत नाहीं. म्हणून सांभाळण्याचें काम ज्याला दिसतें आहे त्याचें. ठिकाण निवडतांनाही हाच नियम पुरेसा आहे, असें मला वाटतें. घरांतल्या सर्वांत वेगवानानें सर्वांत सावकाश चालणाऱ्याकडे एकदां पाहून घ्यावें, आणि मग नकाशा उघडावा.